दोन इंजेक्शनं आणि माझा डावा पाय

औरंगपुऱ्यात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. फक्त बायकांना शिकवते. गाडीत मी शिकणारीच्या डाव्या हाताला बसते आणि माझ्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. बाई घाबरली की तिचे पाय वर उचलले जातात, तेव्हा माझे खाली दाबावे लागतात. म्हणजे माझं पोट या डाव्या पायावर चालतं. त्या पायाच्या हाडात जंतू शिरले, पाय कापायची वेळ आली, आणि आज तो पाय शाबूत आहे. शेवट आधीच सांगून टाकला. मी खाटेवर पडले होते तेव्हा मलाही कुणीतरी शेवट आधी सांगावा असं लई वाटायचं, म्हणून.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या भावाला तीच इंजेक्शनं सुरू झालीत जी मला दिली होती. तिनं इतके प्रश्न विचारले की शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहूनच काढा." मी डॉक्टर नाही. मला जे समजलं, जे सोसलं, तेवढंच लिहिते.

आधी काय झालं

एक बँकेतल्या बाई पार्किंग शिकत होत्या. मी खाली उतरून "या, या, अजून या" करत होते. त्यांनी ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला. मागं भिंत, पुढं बंपर आणि मधी मी. नडगीचं हाड मोडलं. त्या बाई माझ्यापेक्षा जास्त रडल्या, मलाच त्यांची समजूत काढावी लागली. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, घरी आले. सगळं मार्गी लागलं म्हणता म्हणता जखमेतून पू यायला लागला.

निदानाचा दिवस

हाडाच्या डॉक्टरांनी जखम दाबली तेव्हा वास आला. माझ्याच अंगाचा तसला वास, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पू तपासायला गेला. रिपोर्ट आला तसं त्यांनी संसर्गाच्या तज्ज्ञ डॉक्टर नाझनीन यांना बोलावलं. बुटक्या, चष्म्याच्या, चालताना कायम घाईत. बोलणं निम्मं मराठी, निम्मं आपल्या शहराचं हिंदी.

"छायाताई, जंतू अडेल है. साध्या अँटिबायोटिकला दाद देत नै. हाडापर्यंत गेलाय."

मी विचारलं, "पाय राहील ना?"

हाडाचे डॉक्टर एक्स-रेकडं बघत म्हणाले, "प्रयत्न करू. पसरलं तर गुडघ्याखाली काढावा लागेल."

"साहेब, पाय माझा आहे. माझ्याकडं बघून बोला," मी म्हणाले. त्यांनी बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा बोलले. माझा नवरा मिलिंद वाळूजला कंपनीत आहे, एरवी कुणाचं ऐकत नाही. तो माझी चप्पल हातात घेऊन नुसता उभा होता.

लगेच भरती केलं. हाड खरवडून धुतलं, प्लेट काढली, बाहेरून सळया लावल्या. आणि इंजेक्शन सुरू झालं.

पहिलं इंजेक्शन

त्याचं नाव व्हँकोमायसिन. पुढं मला दुसरंही मिळालं, डॅप्टोमायसिन. दोन्ही एकाच जातीची, पेप्टाइड म्हणतात. म्हणजे डाळी-अंड्यांतली प्रथिनं ज्या कणांची बनतात, तसल्याच कणांची साखळी. दोन्ही मूळची मातीतल्या जंतूंनी बनवलेली. जंतूंच्या आपसातल्या भांडणातलं हत्यार माणसानं उचललं, असं डॉक्टर नाझनीन म्हणाल्या. पण कामाची रीत वेगळी. पहिलं जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. दुसरं त्याच्या आतल्या पडद्याला भोकं पाडतं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पहिलं इंजेक्शन बाटलीत मिसळून सावकाश, अगदी सावकाश सोडायचं असतं, आणि दिवसातून दोनदा. सिस्टर बाटली टांगायची, घड्याळाकडं बघत थेंब मोजायची, नळीवरचं छोटं चाक फिरवून वेग लावायची आणि पुढच्या खाटेकडं जायची. अधूनमधून रक्त काढायचे, औषध अंगात पुरेसं आहे का आणि जास्त तर झालं नाही ना ते बघायला. जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. म्हणून लघवी मोजायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं हातात मापाचं भांडं घेऊन "आज चांगली झाली बरं का" असं कौतुक करावं, हे काही मी मनात आणलं नव्हतं.

उजव्या हाताला सुई, डाव्या पायात सळया. कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. माझ्या विद्यार्थिनी पाळीपाळीनं यायच्या, माझे केस विंचरायच्या आणि चौकाचौकातल्या ट्रॅफिकच्या बातम्या द्यायच्या. एकीनं तर येताना स्कूटर पहिल्यांदाच एकटीनं चालवत आणली होती. त्या दिवशी मला निम्मं बरं वाटलं.

गरम भाकरी

माझ्या सासूबाई सोयगावला असतात. मराठवाड्यात सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. मी भरती झाले तशा त्या एसटीनं आल्या आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दुपारी ताजी भाकरी कपड्यात गुंडाळून रिक्षानं दवाखान्यात आणायच्या.

आत्याबाईंनी गावातल्या निम्म्या आजाऱ्यांच्या उशाशी बसून दिवस काढलेत. तिकडच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून नर्स निघून जाते आणि पुढचं नातेवाईक सांभाळतात. बाटली संपत आली का बघायचं, थेंब मंदावला तर चाक सोडायचं, घरी जायचं असेल तर जरा जोरात सोडायचं. सगळे करतात. मीही लहानपणी आईचं केलंय.

त्या दुपारी त्या आल्या तेव्हा बाटली नुकतीच लागली होती. मला डोळा लागला होता. जागी झाले ती डोक्यात आग पेटल्यासारखी. मान, छाती, हात, सगळीकडं खाज. माझ्यासारख्या सावळ्या बाईचीही मान तांबडीलाल झाली होती. छाती आवळून आली. मी ओरडले, "अहो आत्याबाई, बोलवा कुणाला तरी!" सिस्टर धावत आली, नळी बंद केली, खाजेवरचं इंजेक्शन दिलं. हळूहळू लाली उतरली. भाकरी तशीच कपड्यात राहिली.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी औषध बंद केलं आणि माझ्या मनगटाला अॅलर्जीची लाल पट्टी बांधली. डॉक्टर नाझनीन आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्पीड क्या था?"

सिस्टर म्हणाली, "मॅडम, मी स्वतः थेंब मोजून लावलं होतं." ती खरंच बोलत होती.

"मग रिस्क नको," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं देऊ."

दुसरं इंजेक्शन

हे मला सुरुवातीला फार आवडलं. दिवसातून एकदाच, आणि पटकन. सिस्टर यायची, गप्पा मारेपर्यंत काम व्हायचं. रक्तातल्या औषधाची पातळी बघायची भानगड नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. या इंजेक्शननं स्नायू दुखू शकतात, म्हणून त्यासाठी वेगळं रक्त तपासायचे. माझी कोलेस्टेरॉलची गोळीही बंद केली, कारण दोन्ही मिळून स्नायूंना जास्त त्रास देतात. मांड्या दुखायला लागल्या की मी लगेच सांगायचे. "दुखणं लपवायचं नै," डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

जखमेचा वास गेला. पू थांबला. हाडाचे डॉक्टर आता माझ्याकडं बघून बोलायला लागले. मी नवऱ्याला सांगितलं, गाडीची बॅटरी चार्ज करून ठेवा.

बिघडलं ते वेगळंच. आत्याबाई बदलल्या. डबा आणायच्या, खाटेच्या टोकाशी ठेवायच्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायच्या. हाक मारली तर दारातूनच "काय पायजे?" माझ्या अंगाला हात लावीनात. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. लंगडी सून घरात नको असेल. खाटेवर पडून माणसाच्या डोक्यात काय काय येतं! एक दिवस मी मिलिंदवर भडकले. "तुमच्या आईला गावाकडं सोडून या. उपकार केल्यासारखा डबा नको मला." तो बिचारा ड्युटी करून आलेला. म्हणाला, "आई रात्रंदिवस रडती, छाया. का रडती ते सांगत नाय." मी म्हणाले, "रडू द्या." आणि भिंतीकडं तोंड केलं.

छातीत

मग ताप आला. आधी वाटलं पायाचाच. पण खोकला सुरू झाला, बोलताना धाप लागायला लागली, ऑक्सिजन लावावा लागला. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. तोच अडेल जंतू आता फुफ्फुसात होता. न्यूमोनिया.

"इंजेक्शन चालू असताना कसं काय?" मिलिंदनं विचारलं.

डॉक्टर नाझनीन माझ्या खाटेवरच बसल्या. म्हणाल्या, "हे दुसरं इंजेक्शन हाडात, रक्तात मस्त काम करतंय. पण फुफ्फुसात साबणासारखा एक पातळ थर असतो, त्यामुळं श्वास घेताना फुफ्फुस चिकटत नाही. हे औषध त्या थरातच अडकून पडतं. जंतूपर्यंत पोचत नै. म्हणून न्यूमोनियाला हे देतच नाहीत."

"मग पहिलं द्या."

त्यांनी माझ्या मनगटावरच्या लाल पट्टीकडं बोट केलं. तिसरा पर्याय म्हणून एक गोळी होती, पण माझ्या प्लेटलेट आधीच घसरल्या होत्या आणि त्या गोळीनं आणखी घसरल्या असत्या. हाडाचे डॉक्टर आत आले. या वेळी बरोबर माझ्या डोळ्यांत बघून बोलले, आणि ते मला नको होतं. म्हणाले, "मूळ पायात आहे. दोन्हीकडं चालेल असं औषध हाताशी नसेल तर जीव वाचवायला पाय काढून टाकावा लागेल. वाट बघण्यात अर्थ नाही."

मी मास्कमधून ओरडले. काय ओरडले आठवत नाही, शिव्याच असतील. माझा पाय, माझी गाडी, माझं स्कूल. मिलिंद खाटेचा दांडा धरून उभा होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "डॉक्टरीण बाय, थांबा. ते चाक म्या फिरवलं व्हतं."

आत्याबाई होत्या. पदर तोंडाशी धरलेला.

"कोणतं चाक, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सलाईनचं. ही लाल झाली त्या दिशी. भाकर गार व्हत व्हती. हिला भरवलेलं चालत नाय, अन् हाताला सुई. म्हनलं, बाटली लवकर सरली तं सुई निघंल अन् पोरगी गरम खाईल. पार मोकळं सोडलं चाक. ही वरडली तसं पुन्यांदा आवळलं."

"कितनी देर में गया?"

"म्या डबा उघडून कालवण वाढस्तोवर निम्म्याच्या वर गेलं व्हतं."

"मग इतके दिवस बोलली का नाय?" मिलिंद ओरडलाच.

"पोलिसात देताल वाटलं," त्या म्हणाल्या. "अन् हिला वाटलं असतं, सासूनं मारायला बघितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईनं एवढं लपवलं, आणि माझा पाय जायला निघाला! आणि त्याच क्षणी मला रडूही कोसळलं. गरम भाकरीपायी! करायला गेलं एक अन् झालं भलतंच.

डॉक्टर नाझनीन मात्र ताडकन उठल्या. त्यांनी आत्याबाईंचे दोन्ही हात धरले. "अम्मा, अल्लाह का शुक्र है, आज बोले! ये अॅलर्जी नै है शायद. हे औषध जोरात गेलं तर कुणाचंही अंग लाल होतं. सावकाश दिलं तर बहुतेकांना काही होत नाही." मग हाडाच्या डॉक्टरांकडं वळल्या. "सर, मला आजचा दिवस द्या."

ते तयार झाले.

पुन्हा पहिलं

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डॉक्टरांनी सगळी तयारी जवळ ठेवली. आधी खाजेवरचं इंजेक्शन दिलं. औषध जास्त पाण्यात मिसळलं आणि नळी मशीनला जोडली. थेंबाथेंबाचा हिशेब आता मशीन ठेवणार, माणसाचा हात मधी नाहीच. मग त्या स्वतः स्टूल ओढून बसल्या.

सगळे माझ्या मानेकडं टक लावून बघत होते. नवरी बघायला आल्यासारखे, नुसते मानेकडं! आत्याबाई कोपऱ्यात, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. मधी मला जरा खाजलं. मी सांगितलं. डॉक्टरांनी वेग आणखी कमी केला. खाज गेली. बाटली अर्ध्यावर आली, तळाला आली, संपली.

"मान दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. मी दाखवली. सावळीच्या सावळी! माझा रंग मला जन्मात इतका आवडला नव्हता. सिस्टरनं कात्री आणून मनगटावरची लाल पट्टी कापली आणि कचऱ्यात टाकली. मिलिंदनं "जय भीम!" असा आवाज टाकला की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी दचकून "जय भीम" म्हणून उत्तर दिलं. मी आत्याबाईंना म्हणाले, "आता तरी जवळ या." त्या आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. आम्ही दोघीही रडलो, मोठ्यानं, लाज न बाळगता.

ताप हळूहळू उतरला. ऑक्सिजन निघाला. छातीचा फोटो स्वच्छ आला, मूत्रपिंडंही टिकली. पाय कापायचा विषय संपला. हाडासाठी इंजेक्शनं अजून बरीच घ्यायची होती, पण त्यासाठी दवाखान्यात पडून राहायची गरज नव्हती. छाती साफ झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा दुसरं सुरू केलं, दिवसातून एकदा येऊन घ्यायचं आणि घरी जायचं. लोक मला विचारतात, दोन्हींतलं चांगलं कोणतं? अहो, तसं नसतं ते. फुफ्फुसात पहिलं लागलं, घरी राहायला दुसरं सोयीचं पडलं. मूत्रपिंड नाजूक असेल तर डॉक्टर एक विचार करतील, स्नायू दुखत असतील तर दुसरा. ते ठरवणं त्यांचं काम.

आपलं काम वेगळं. सलाईनच्या चाकाला हात लावू नका. बाटली संपत नाही म्हणून जीव जात असेल तर सिस्टरला हाक मारा, ती चिडली तर चिडू द्या. आणि हातून काही झालंच असेल तर त्याच दिवशी सांगा. कुणी पोलिसात देत नाही. लाल झालात तर किती वेळात औषध गेलं ते विचारून घ्या, कारण "चालत नाही" असा शिक्का एकदा बसला की एक चांगलं औषध आयुष्यभरासाठी हातचं जातं. माझं जाता जाता राहिलं.

घाट

सळया निघाल्या. काठी आली, काठी गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं त्याच आठवड्यात मी म्हणाले, गावी परतलेल्या आत्याबाईंना आणायला सोयगावला जायचं. मिलिंद नको म्हणत होता. त्याला मागं बसवलं.

जाताना अजिंठ्याचा घाट उतरायचा असतो, तो सोपा. सोयगावला आत्याबाईंनी घरी आलेल्या प्रत्येकाला चाकाची गोष्ट स्वतःहून सांगितली. एका माणसाची बायको तिथल्या दवाखान्यात होती, त्याला तर त्यांनी दम भरला, "चाकाला हात लावशील तं याद राख! म्या लावला व्हता." तो मान डोलवत गेला.

परत निघालो तेव्हा आत्याबाई आमच्यासोबत शहरात राहायला येत होत्या. माझ्या शेजारी बसल्या. घाट चढताना ऐन वळणावर पुढचा ट्रक थांबला. मीही थांबले. मागं गाड्यांची रांग लागली, अगदी बंपरला बंपर. चढावर गाडी उचलायची म्हणजे डाव्या पायानं क्लच अर्ध्यावर तोलून धरायचा. जरा चुकलं की गाडी मागं. पाय थरथरायला लागला. नडगीतून कळ आली.

"दुखतंय का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"दुखतंय."

मागून मिलिंद म्हणाला, "हँडब्रेक ओढ, मी येतो पुढं."

"गप बसा हो!"

ट्रक हलला. मी क्लच अर्ध्यावर आणला, इंजिनाचा आवाज बदलला, ब्रेकवरचा पाय काढला. गाडी बोटभरही मागं आली नाही. सरळ वर चढली. आत्याबाईंनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि ओरडल्या, "घे अजून वर, पोरी!" मी हसत होते, रडत होते आणि दुसरा गिअर टाकत होते. मग मी लांबलचक हॉर्न वाजवला. ट्रक कधीच वळणाआड गेला होता, समोर कुणी नव्हतं.